पांढऱ्या पायाच्या माशीचं नाव

११ ऑगस्ट, मलकापूर

सकाळी पुन्हा तिन्ही भिंगाखाली घेऊन बसलो. तिन्ही माद्या. कितीही वेळा बघितलं तरी माद्याच. दोन वर्षांत तीन, आणि त्यातली एकही मी पकडलेली नाही. सौ.नं पकडल्या, तिच्या माहेरी, अळूची पानं कापताना. हौदाचं सांडपाणी मुरतं तिथलं अळू. पहिली तिनं ओल्या चिमटीत धरून मला दाखवली होती, 'आवं, ही बगा, कशी हिरवीगार चकाकती.' मी पेपर वाचत होतो. बरी आहे, म्हटलं.

बाजरीच्या दाण्याहून जराशी मोठी. लांब पाय. पानावर दबा धरून बसते, चिलटं मारून खाते. कुळ लगेच कळलं, पुढं काही जुळेना. पुस्तकांतल्या सगळ्या वर्णनांशी ताडून झालं. नवी प्रजाती असावी. हे 'असावी' दोन वर्षं चाललंय.

बी.पी.ची गोळी विसरलो. दुपारी घेतली.

१३ ऑगस्ट

डॉ. नेगींचा फोन. या कुळातले जाणकार, उत्तरेत असतात. माझं हिंदी ऐकून हसत नाहीत हे त्यांचं मोठेपण. त्यांचं म्हणणं एकच, नर आणा. या माश्यांत माद्या एकमेकींसारख्या. खरी ओळख पटते ती नराच्या पोटाच्या टोकावरून आणि पायांवरच्या सजावटीवरून. नराशिवाय वर्णन छापलं तर हसं होईल.

हे मलाही माहीत होतं. दुसऱ्यानं सांगितलं की जास्त लागतं.

चौतीस वर्षं कॉलेजात बेडूक शिकवले. स्वतःचं म्हणावं असं एक काम नाही. मे महिन्यात निरोप दिला तेव्हा शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. घड्याळ पुढं जातं. आपल्या मागं एक माशी तरी राहावी असं वाटतं. वाटतं तर वाटतं, त्यात लाजायचं काय.

१४ ऑगस्ट

नाव ठरवून टाकलं. अजून नराचा पत्ता नाही आणि इथं बारसं उरकलं. माशीला सौ.चं नाव. दिसली तिला, पकडली तिनं, मग नाव तिचंच पाहिजे. वैशालीवरून लॅटिन रूप केलं, कागदावर चार-पाचदा लिहून बघितलं. छान दिसतं. तिला इतक्यात सांगायचं नाही. छापून आलं की समोर ठेवायचं.

या घरात तिला नावानं कोणी हाक मारत नाही. मी 'अगं', ती 'आवं'. मुलगी पुण्याहून फोनवर 'मम्मी'. मी इथंसुद्धा सौ. लिहितो, सवय. निदान एक माशी तरी तिच्या नावानं ओळखली जाईल.

१९ ऑगस्ट

संपतला फोन. सौ.चा धाकटा भाऊ, फौजेतून येऊन आता द्राक्षबाग बघतो. कवठे महांकाळच्या पुढं त्यांचं गाव. म्हटलं, शनिवारी येतोय, तुमच्याकडं माश्या आहेत ना परसात, त्यासाठी.

'या की दाजी. समदा बंदोबस्त करून ठेवतो.'

मेव्हणा कामाचा आहे. सौ. चार दिवस आधीच पिशवी भरून बसलीय.

२३ ऑगस्ट, सासुरवाडी

एस.टी.नं मिरजेवरून. गुडघा बोलायला लागला.

पोचलो आणि थेट परसात गेलो. परस चकाचक. अळू बुडासकट कापलेलं. हौदाभोवती पांढरी पावडर, वर फवाराही मारलेला. संपत छाती काढून उभा. 'दाजी, फोनवर तुमी माश्यांचं बोललासा, मला लय वाईट वाटलं. जावईमानूस येतोय, म्हनलं एक माशी दिसाय न्हाई पायजे. ऑपरेशन ऑल क्लियर.'

मी हौदाच्या कडेवर बसलो. सौ. पदर तोंडाला लावून हसत होती, मग माझ्याकडं बघून थांबली. संपतला समजावून सांगितलं तेव्हा त्याचं तोंड असं उतरलं की मलाच त्याची समजूत काढावी लागली. 'मेल्याली चालत न्हाई का? मेल्याल्या लय हायत.' केरसुणीनं गोळा केलेल्या आणून दाखवल्या. सगळ्या घरमाश्या, दोन गांधीलमाश्या.

जेवण उत्तम. संपत वाढताना माझ्याकडं बघत नव्हता. तीन वेळा रस्सा घेतला, त्याला बरं वाटावं म्हणून.

२४ ऑगस्ट, तिथंच

मिळाला. नर मिळाला. नीट लिहितो.

सकाळी सौ. म्हणाली, 'गोदाआत्तीकडं हाय की अळू.' गोदाआत्ती म्हणजे तिच्या वडिलांची बहीण, ऐंशीच्या पुढं, ओढ्याच्या कडेला घर. गेलो. आत्ती पायरीवर शेंगा फोडत होती. डोळे किलकिले करून म्हणाली, 'कोन? हौसा व्हय गं?'

'व्हय आत्ती, मीच.' सौ.चा आवाजच निराळा आला.

मग सकाळभर तेच. हौसे, च्या घे. हौसे, तितं निसरडं हाय. माहेरचं नाव. ऐकायला मजा वाटली.

मागच्या मोरीपाशी अळू माजलेलं. माझ्याकडं ती रबरी नळी, तोंडानं ओढली की किडा बाटलीत येतो, मधे जाळी असते. एक तास गेला. दोन सुटल्या. हात थरथरतो हल्ली, सुटल्या म्हणजे मीच सोडल्या. सौ. उकिडवी बसून पानं बघत होती.

'हलू नगा. ह्यो बगा. हात करतोय.'

बघितलं. पुढच्या पायांचं टोक पांढरंशुभ्र, चुना लावल्यासारखं. मादीच्या समोर उभा राहून एक पाय वर धरतो, हलवतो. ती वळली की हा पळत जाऊन परत तिच्या समोर. पुन्हा पाय वर.

'ती बगत बी न्हाई,' सौ. म्हणाली, 'तरी करतोय बिचारा.'

मी नळी सरसावली तर हात पुन्हा तसाच. तिनं नळी माझ्या हातातून काढून घेतली, ओठांत धरली आणि एका दमात ओढला.

पायरीवरून आत्ती ओरडली, 'काय घावलं गं?'

'नवरा,' सौ. म्हणाली. 'माशीचा.'

आत्ती खोकला येईपर्यंत हसली.

वाटेत सौ.नं विचारलं, मारणार का त्याला. हो म्हटलं, त्याशिवाय बघता येत नाही. थोडी चालली. म्हणाली, 'मग येकच घ्या. दुसऱ्याच्या मागं लागू नगा.' दुसराही दिसला होता मला. नाही घेतला.

२७ ऑगस्ट, मलकापूर

पोटाचं टोक कोमट पोटॅशमध्ये ठेवून साफ केलं, ग्लिसरिनच्या थेंबात घेतलं. तीन तास मान वर केली नाही. दोन आकडे, आतल्या बाजूला वळलेले, टोकाशी फाटा. असं चित्र कुठल्याच पुस्तकात नाही. नेगींनाही फोटो पाठवला, ते म्हणाले, मी बघितलेलं नाही.

सौ.ला भिंगातून दाखवलं. एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिली. 'येवढ्याशा जिवाला किती बारीक काम हाय,' म्हणाली.

२९ ऑगस्ट

चित्रं. वीज चार वेळा गेली. पायाची चित्रं चांगली उतरली, पंखाच्या शिरा पुन्हा काढायच्या.

४ सप्टेंबर

वर्णन पुरं झालं. अकरा पानं. नेगींना पाठवलं.

मला राहवलं नाही. पहिलं पान छापून घेतलं, जेवण झाल्यावर तिच्या पुढ्यात ठेवलं. तिनं चष्मा पुसला, नावावर बोट ठेवून एकेक अक्षर लावलं. 'हे काय हाय?'

तुझं नाव, म्हटलं. माशीला दिलं. आता जगात कुठंही ही माशी सापडली तर याच नावानं ओळखणार.

तिनं कागद टेबलावर ठेवला, सरळ केला. 'नगं,' म्हणाली. 'दुसरं कायतरी घाला.' आणि भांडी घेऊन आत गेली.

लाजली असेल.

५ सप्टेंबर

लाजली नव्हती.

दिवसभर कामापुरतं बोलणं. दुपारी चेष्टा करून बघितली, माशी म्हणून कमीपणा वाटतो का, फुलपाखरू शोधू का. 'माशीचं काय न्हाई. माशी ग्वाड हाय.'

मग?

'त्ये माजं नाव न्हाई.'

बत्तीस वर्षं. रेशनकार्डावर वैशाली, मतदानाच्या कार्डावर वैशाली, मुलीच्या दाखल्यावर आईचं नाव वैशाली. मी म्हटलं, अगं, लग्नात आईनं बदललं, त्याला मी काय करू.

'आत्याबाईंनी न्हाई.' माझ्या आईला ती आत्याबाई म्हणायची. 'त्या बिचाऱ्या म्हनाल्या, तुला आवडंल ते ठिव. तुमी लिवलं. ताटात तांदूळ हुते, तुमी अंगठीनं लिवलं. मला वाचाय येत हुतं. मी वाकून बगितलं.'

एवढं बोलून कपड्यांच्या घड्या घालत बसली.

खरं आहे ते. मी साफ विसरलो होतो. मीच लिहिलं. वैशाली हे नाव मला तेव्हा आवडायचं, एवढंच कारण. आणि हौसा हे नाव प्राध्यापकाच्या बायकोला शोभणार नाही असंही वाटलं होतं. तसं कुणाला बोललो नव्हतो, पण वाटलं होतं. परवा आत्तीच्या पायरीवर ते नाव सकाळभर ऐकलं आणि मला मजा वाटली.

माशीला नाव द्यायच्या आधी दोन वर्षं सगळी पुस्तकं चाळली, हिला आधी कुणी नाव दिलंय का म्हणून. बायकोचं आधीचं नाव माहीत असून एका मिनिटात पुसलं. लाज वाटते लिहायला.

७ सप्टेंबर

ती मेथी निवडत होती. मीही बसलो शेजारी, एक जुडी ओढून घेतली. मी काड्याही टाकतो म्हणून रागवते, आज रागावली नाही. मग विचारलं, हौसा का ठेवलं होतं.

'थोरले दोगं झाल्यावर आज्ज्याला नात पायजे हुती. लय हौस. म्हनून मी झाले तवा साखर वाटली. शेजारच्या घरात नकुशी हुती, आमच्या घरात हौसा.' जरा वेळानं, 'लगीन झालं, वरातीच्या गाडीत बसले. कुनीतरी हाक मारली, वैशाली, ए वैशाली. मी वळलेच न्हाई. समदी हसली. तुमीबी.'

हसलो असेन.

कधी बोलली नाहीस, म्हटलं.

'तुमी कवा इचारलं?'

मी मास्तरकी सुरू केली. आमच्या शास्त्रातला नियम सांगितला. एखाद्या जिवाला सगळ्यात आधी रीतसर जे नाव दिलं गेलं तेच खरं. नंतर कुणी न बघता दुसरं दिलं तर ते रद्द. शंभर वर्षं लोक तेच वापरत असले तरी, आधीचं सापडलं की बहुतेक वेळा तेच परत येतं.

तिचे हात थांबले. 'बरा नियम हाय तुमचा,' म्हणाली. 'मानसास्नी न्हाई वाटतं.'

८ सप्टेंबर

आज रीतसर विचारलं. समोर बसून. तुझी हरकत नसेल तर माशीला हौसा नाव द्यायचं.

बघू म्हणाली. चहाच्या वेळेपर्यंत काही नाही. मग कप ठेवता ठेवता, 'घाला.' दारापर्यंत जाऊन परत वळली. 'पन नीट घाला. चुकीचं लिवू नगा.'

नेगींना लगेच कळवलं. त्यांनी कारण विचारलं नाही.

आजपासून इथं सौ. लिहायचं नाही. हौ. लिहायचं.

१२ सप्टेंबर

हात सौ.च लिहितो आधी. खोडतो. पान घाण दिसतं, दिसू दे.

हौ.नं संपतला सांगितलं, आत्तीला सांगितलं. आत्तीनं गल्लीला. मुलीचा पुण्याहून फोन, 'बाबा, मम्मीचं खरं नाव मला आत्ता कळतंय?' फोन हौ.कडं दिला. दोघी पाऊण तास बोलत होत्या. मधे हौ. अशी हसली की मी पेपर खाली ठेवला.

१८ सप्टेंबर

नेगींचं पत्र. चित्रांचं कौतुक. मग 'परंतु'.

ब्रिटिश अमलात कुण्या साहेबानं दक्षिणेतल्या डोंगरांतून याच कुळातल्या एका माशीचं वर्णन केलं होतं. एकच नमुना, तोही मादीचा. साडेतीन ओळी. जुन्या अहवालात शेवटी कुठंतरी, म्हणून माझ्या नजरेतून सुटलं. पांढऱ्या पायाचा उल्लेख नाही, पण मादीला तो नसतोच. तो नमुना परदेशातल्या एका संग्रहालयात आहे. तीच माशी असेल तर साहेबाचं नाव खरं, आपलं रद्द. नेगींनी संग्रहालयाकडं नमुन्याचे फोटो मागितलेत. यायला वेळ लागेल. 'थांबायचं की आत्ताच छापायचं, तुम्ही ठरवा,' असं लिहिलंय. साडेतीन ओळींवरून कुणी ठामपणे काही म्हणू शकणार नाही.

हौ.ला सांगितलं नाही.

१९ सप्टेंबर

नाही सांगितलं.

२० सप्टेंबर

थांबायचं नाही असं सकाळी ठरवलं. खरं तेच लिहितो. छापून टाकायचं. पुढं वीस वर्षांनी कुणी ते फोटो मागवलेच तर बघून घेईल. तोवर आम्ही दोघं असू-नसू. बाई पहिल्यांदा स्वतःच्या नावानं हसतेय, ते कुठल्या साहेबाच्या साडेतीन ओळींसाठी मोडायचं?

दुपारी जेवण जाईना. तिनं विचारलं, काय झालंय. सांगून टाकलं. पत्रातलं सगळं, आणि मी ठरवलेलंही. म्हटलं, आत्ता छापलं तर कोण बघतंय.

ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, 'तिला आदी कुनी नाव दिल्यालं आसंल तर?'

तर तेच तिचं नाव.

ताटातला भात तिनं बोटानं एका कडेला सारला. 'मग तिचं तिला ऱ्हाऊ द्या. तिचं पुसून माजं घालू नगा. मला म्हाईत हाय त्ये कसं आसतंय.'

मी वर बघितलंच नाही. ताक वाढून घेतलं आणि प्यालो.

संध्याकाळी नेगींना लिहिलं, थांबतो.

५ ऑक्टोबर

काही नाही. संपतचा फोन, अळूला नवे कोंब आलेत. आता तिथं कुणाला फिरकू देत नाही म्हणे, बायको धुणं दुसरीकडं धुते. तिची माफी मागायला हवी.

१२ ऑक्टोबर

हौ. रोज सकाळी विचारते, 'आलं का?' नाही म्हणतो. 'येतंय,' म्हणते. मलाच धीर दिल्यासारखं.

काल तिला विचारलं, साहेबाचं निघालं तर वाईट वाटेल का. 'वाटंल की,' म्हणाली. 'का न्हाई वाटनार?' आणि मिक्सर सुरू केला.

मलाही वाटेल. माशी गेल्याचं थोडं. तिचं जास्त.

१९ ऑक्टोबर

साडेअकराला मेल आली. नेगींनी पुढं पाठवलेली, सोबत चार फोटो, वरूनच दिसतात. उघडली नाही. एकट्यानं बघायची नाही असं ठरवलं होतं.

हौ. मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. 'अगं' ओठांवर आलं होतं, गिळलं. हौसा, अशी हाक मारली. पहिली नीट निघालीच नाही, म्हणून पुन्हा मारली, मोठ्यानं.

ती लगबगीनं आत आली, ओले हात पदराला पुसत. माझ्याकडं न बघता सरळ पुढच्या दाराशी गेली. 'कोन आलंय वो गावाकडनं?' कडी काढली, बाहेर जाऊन रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं.

कोणी नाही, म्हटलं. मीच.

दारात तशीच उभी राहिली, पाठ माझ्याकडं. मेल आलीय, म्हटलं. मग म्हणाली, 'थांबा, चष्मा घिऊन येते.'

शोधतेय अजून आत. तोवर हे लिहितोय. मेल उघडलेली नाही.